ओळखीचं व्हील, महागडा शेअर

भोसरीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 58, तीस वर्षं टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर (धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर) काम करून नुकतेच निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून 18 लाख हातात आलेत, त्यातले 12 लाख त्या यंत्रावरची घासायची चाकं, म्हणजे ग्राइंडिंग व्हीलं, बनवणाऱ्या ग्राइंडवेल नॉर्टनच्या शेअरमध्ये घालायचे म्हणतात. कारण एकच : "आयुष्यभर त्यांचीच व्हीलं वापरली, माल खणखणीत आहे." मुलगा चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे.

कंपनी तुम्ही बरोबर हेरलीत. 12 लाखांचा आकडा मला पटत नाही.

धंद्याची खुबी मी तुम्हाला काय सांगणार! व्हीलवरचा 60 दाणा (दाण्याचा आकार), के ग्रेड (कठीणपणा), व्हिट्रिफाइड बाँड (दाणे धरून ठेवणारा काचेसारखा भाजीव बंध), हे गणित जॉबला, म्हणजे घासायच्या भागाला, एकदा बसलं की चार पैसे वाचवायला कुणी ते बदलत नाही. जॉब रिजेक्ट झाला तर व्हीलच्या किमतीच्या कितीतरी पट फटका बसतो. शिवाय प्रत्येक ड्रेसिंगला, म्हणजे बोथट झालेलं व्हील पुन्हा धारदार करताना, ते थोडं झिजतं, म्हणजे ऑर्डर पुन्हा येतेच. पातळ कटिंग डिस्कचं तसं नाही. तिथे फॅब्रिकेशनवाला आधी भाव विचारतो आणि स्वस्त चिनी माल समोरच असतो.

कंपनी 1941ची, उरणजवळच्या मोऱ्याची. 1990मध्ये फ्रान्सच्या सँ-गोबँनं मूळ अमेरिकी नॉर्टन कंपनी घेतली, आज इथलेही निम्म्याहून जास्त शेअर त्यांच्याकडे आहेत. तंत्रज्ञान तिकडून येतं, त्यासाठी रॉयल्टी जाते. कर्ज नगण्य. प्रतिस्पर्धी मुरुगप्पा समूहाची कार्बोरंडम युनिव्हर्सल विक्रीत बरीच मोठी आहे, पण तिने 2007मध्ये घेतलेल्या रशियातल्या व्होल्झस्की कारखान्यावर जानेवारी 2025मध्ये अमेरिकेचे निर्बंध आले. ती डोकेदुखी ग्राइंडवेलला नाही.

आता भाव. 2023-24मध्ये ग्राइंडवेलची विक्री 2,700 कोटींच्या आसपास आणि नफा 380 कोटींच्या घरात होता. पुढच्या वर्षी विक्री थोडी वाढली, नफा मात्र किंचित घटला. आणि गेली काही वर्षं बाजार या शेअरला नफ्याच्या चाळीस पटींहून जास्त भाव देत आलाय. चाळीस पट म्हणजे तुमच्या शंभर रुपयांमागे कंपनी वर्षाला कमावते अडीच रुपये. त्यातला लाभांश साधारण एक टक्का, म्हणजे 12 लाखांवर वर्षाला बारा हजार. घर त्यावर चालेल?

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. वाहन उद्योग थंडावला की व्हीलचा खप घटतो, शेअर पडतो, आणि नेमका तेव्हाच चाकणला ओव्हरटाइम बंद होतो. बापाची पुंजी आणि मुलाचा पगार एकाच खुंटीला टांगू नका.

मी असं करेन. 12 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. साठीच्या आत असलात तरी निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. एप्रिल 2023पासूनच्या 8.2 टक्के दराने तिमाहीला 24,600 रुपये येतात. चार लाख अडीअडचणीला मुदत ठेवीत. उरलेल्या दोनपैकी दीड लाख इंडेक्स फंडात (निर्देशांकातले सगळे शेअर थोडे थोडे घेणाऱ्या फंडात), आणि हौस म्हणून पन्नास हजारांचं ग्राइंडवेल, तेही वर्षभरात थोडं थोडं करून. पडलं तर झोप उडणार नाही, एवढंच.

पैसे खात्यात कधी आले ते पत्रात नाही. आज पासबुक काढून तारीख बघा, तीन महिने तिथून मोजायचेत.