बेळगावहून एकाच सकाळी घाटातले आणि समुद्रकाठचे पक्षी पाहून होतील का?

आपण चार मित्र बेळगावहून निघून एकाच सकाळी चोर्ला घाट आणि गोव्याचा किनारा असे दोन्ही करू पाहत आहात. ते जमते, मात्र दिवस सुट्टी पाहून नव्हे, तर तिथी पाहून ठरवावा.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा रविवार पाहिला, पंचांग पाहिले नाही. घाट उत्तम झाला, पण मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी पोचलो तेव्हा ऐन ओहोटी लागलेली होती आणि पक्षी दूरवरच्या ओल्या वाळूत ठिपक्यांसारखे विखुरलेले होते. आमची मुकाट्याने चाललेली चुळबुळ पाहून जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध रांपणकाराने विचारले, "आज अष्टमी न्हय?" कोकणपट्टीतला ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. आम्ही नेमके चुकीच्या वेळी आलो होतो. पुढच्या खेपेस चतुर्दशी धरली, म्हणजे साडेदहाची भरती. वाळू पाण्याखाली जात गेली तसतसे पक्षी उरलेल्या उंचवट्यावर सरकत आले आणि चिखल्या, सुरय, कुरव खांद्याला खांदा लावल्यासारखे एकाच पट्ट्यावर उभे राहिले. तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर वीण करतात. हिवाळ्यात मात्र त्यांच्या डोक्यावरचा तो रंग जवळजवळ उतरतो आणि डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा उरतो, तेव्हा नावावर जाऊन फसू नये.

घाटासाठी बेळगाव पहाटे साडेचारला सोडावे, म्हणजे जांबोटीवरून मलप्रभेचा उगम असलेली कणकुंबी मागे टाकेपर्यंत फटफटू लागते. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी लावून, इंजिन बंद करून, पहिली वीस मिनिटे दुर्बिणीला हातही न लावता नुसते ऐकावे. आधी रानकोंबडा आरवतो, मग कुटुर्ग्याची संथ "कुटर्र कुटर्र" सुरू होते आणि उजाडता उजाडता कोणी घोगऱ्या आवाजात खदखदून हसल्यासारखा मलबार राखी धनेश ओरडतो. आमच्यातला खानापूरचा कन्नडभाषिक मित्र त्याला "मंगट्टे" म्हणतो. फळांनी लगडलेला उंबर सापडला की तिथून हलू नये, कारण चोचीच्या टोकाशी धरलेले फळ उडवून धनेश ते घशात झेलतो, हे पाहण्यासारखे असते. फेब्रुवारीनंतर नर एकटाच फळे नेताना दिसला तर त्याचा माग काढू नये. मादीने ढोलीत स्वतःला कोंडून घेतलेले असते आणि फटीतून मिळणाऱ्या त्या घासावरच तिचे चालते. २०११ साली जाहीर झालेले भीमगड अभयारण्य याच टापूत आहे. आत वनखात्याच्या परवानगीवाचून शिरू नये, आणि खरे सांगायचे तर रस्त्याच्या कडेलाच पुष्कळ दिसते.

सव्वाआठला घाट सोडावाच लागतो, मग भृंगराज पक्षी समोर बसलेला असला तरी. साखळी, डिचोली, म्हापसा करत मोरजीला पोचायला दोन तास धरा. न्याहारी गाडीतच उरका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातली चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या सुट्टीच्या दिवशी येत असेल, तर तोच दिवस पक्का करा.