मांजराच्या पिल्लाचं खाणं बदलताना

अडीच महिन्यांचं पिल्लू आणि दूधभात, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. घाबरू नकोस, पण आता ते बदल. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन हा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो आणि दूधभातात तो पुरेसा नसतो. कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. घरात मांस-मासे शिजत नसतील तर तयार खाद्य हाच सोपा मार्ग. कुत्र्याचं खाद्य मात्र चालत नाही, कितीही स्वस्त पडलं तरी.

पाकिटावर ‘किटन’ (म्हणजे पिल्लांसाठीचं) आणि ‘कम्प्लीट’ (म्हणजे पूर्ण आहार) हे दोन शब्द शोध. बाकीची जाहिरातबाजी सध्या सोड.

बदल सात ते दहा दिवसांत कर:
- सुरुवातीला पाव हिस्सा नवं, बाकी जुनं
- दोन-तीन दिवसांनी अर्धं-अर्धं
- मग पाऊण हिस्सा, शेवटी पूर्ण नवं

शी पातळ झाली तर एक पायरी मागे ये.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवणं. मोठ्या मांजरानंही दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं. पिल्लाला तर एवढाही धीर नसतो. दिवसभर तोंड लावलं नाही तर सरळ डॉक्टरांकडे ने. नुसतं नाक मुरडत असेल तर खाद्यावर थोडं कोमट पाणी घाल, वास सुटला की बहुतेक जण येतात.

आणि हो, लाडानं चिकनचा रस्सा वाढू नकोस. त्यातला कांदा-लसूण मांजराला विषारी असतो.