प्रत कोठून आली?

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले. वडिलांनी जपून ठेवलेली ती व्हिडिओ गेमची पिवळी ‘९९९९ इन १’ कॅसेट तुझ्याकडे आहे, ती चालवणारे यंत्र मात्र बंद पडले आहे. तेव्हा त्यातलाच काँट्रा हा गेम इंटरनेटवरून उतरवून स्वतः लिहिलेल्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळलास तर बिघडले कोठे, असे तू विचारतोस. माझा प्रश्न एकच आहे, आणि तो मी तुला पुन्हापुन्हा विचारणार आहे: प्रत कोठून आली?

एम्युलेटर लिहिल्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. सोनीच्या प्लेस्टेशनचा एम्युलेटर करताना कनेक्टिक्स कंपनीने विकत घेतलेल्या यंत्राच्या चिपमधून बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) काढून त्याचा अभ्यास केला आणि विक्रीच्या प्रोग्रॅममध्ये सोनीचा कोड न ठेवता स्वतःचा लिहिला, तेव्हा २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने अभ्यासासाठी केलेली ती नक्कल न्याय्य वापर ठरवली. याउलट २०२४ मध्ये निन्टेंडोच्या स्विच यंत्राचा एम्युलेटर असलेल्या युझूच्या कर्त्यांवर निन्टेंडोने दावा लावला, त्यात कूटबद्ध गेम उघडणाऱ्या चाव्यांचा मुद्दा कळीचा होता. निकाल लागण्याआधीच २४ लाख डॉलरची तडजोड झाली आणि प्रकल्प बंद पडला.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही हेच विचारतो. कलम ५२ नुसार प्रोग्रॅमची राखीव प्रत काढण्याची मुभा आहे, पण ती कायदेशीर ताबा असलेल्याला, आणि त्याच्याजवळच्या त्याच प्रतीवरून. कोण्या अनोळखी माणसाने चढवलेली फाइल तुझ्या कॅसेटमधून आलेली नाही. आणि ती कॅसेट तरी कोठून आली? नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या त्या बहुतेक पिवळ्या कॅसेटांचा एक पैसाही मूळ कंपन्यांना मिळाला नव्हता. वडिलांना दोष देण्याचे कारण नाही, दुकानात तेच मिळत होते. परंतु त्या आठवणीच्या बळावर तू हक्क सांगू नयेस. काँट्राचे जुने भाग त्याच्या मूळ कंपनीने, कोनामीने, २०१९ पासून एकत्रित संच म्हणून विक्रीस ठेवले आहेत. आधी तो घे, मग माझ्याशी वाद घाल.

‘गेम मिळतच नाहीत’ हे तुझे दुसरे म्हणणे मात्र मला मान्य आहे, आणि त्याचा मला रागही येतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के बाजारात उपलब्ध नसल्याचे दिसले. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतली विक्री थांबली. ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. अशा ठिकाणी कायदा न्यायाच्या मागे पडला आहे, आणि कोणी निरुपायाने एखादा विस्मृतीत गेलेला गेम जतन केला तर मी त्याला चोर म्हणणार नाही. त्यानेही प्रत कोठून आली याची नोंद ठेवावी, एवढेच म्हणेन. नोंदीवाचून केलेला साठा उद्याच्या अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो. पण काँट्रा विस्मृतीत गेलेला नाही, हे तुलाही कळते.

माझ्या एका भागीदाराला माझ्या प्रोग्रॅमसोबत शेकडो गेम भरलेल्या सीडी विकायच्या होत्या. मी बाहेर पडलो. त्याचा धंदा चालला, माझा बसला, आणि मैत्रीही गेली; तिची हळहळ अजून वाटते. लोक मला सोवळा म्हणत. म्हणोत. ग्राहकाने ‘हे कोठून आणले’ असे विचारल्यावर मान खाली घालावी लागेल, असा माल मला विकायचा नव्हता, आणि आजही मी तेच करीन.

म्हणून त्या दुकानदाराला, जो तुझ्या एम्युलेटरमध्ये हजार गेम भरून हातातली यंत्रे विकू पाहतो, त्याला याच आठवड्यात नकार कळव. एम्युलेटर गेमविना प्रसिद्ध कर. सोबत नमुना हवाच असेल तर ज्यांच्या कर्त्यांनी वाटपाची परवानगी दिली आहे असे नवे होमब्रू, म्हणजे जुन्या यंत्रांसाठी हौसेने लिहिलेले, गेम दे. आणि त्याआधी आवाज दुरुस्त कर. फॅमिकॉममध्ये, म्हणजे तू नक्कल करतोस त्या निन्टेंडोच्या जुन्या यंत्रात, प्रोसेसर आणि ध्वनी एकाच चिपवर होते. तू दोन्ही वेगवेगळ्या वेगाने चालवतो आहेस, म्हणून संगीत अडखळते. तो कोड मला पाठव, बसून पाहू.

तुझा,
एक जुना प्रोग्रॅमर