‘घामाच्या गाठीचा कॅन्सर’ असं लिहावं का?

प्रश्न असा की बायोप्सीच्या रिपोर्टात ‘एक्राइन पोरोकार्सिनोमा’ आलंय, पेशंटसाठीच्या माहितीपत्रकात त्याला ‘घामाच्या गाठीचा कॅन्सर’ म्हटलं तर चालेल का. मला विचाराल तर नको. संस्कृत ग्रंथिचंच मराठीत गाठ झालं, त्यामुळे ‘घामाची गाठ’ म्हणजे घाम तयार करणारी ग्रंथी की तिच्यात वाढलेला ट्यूमर हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि घाम म्हटला की आपल्याला काख आठवते, म्हणजे लोक सरळ काखमांजरी समजणार. हा कॅन्सर खरं तर पायांवर जास्त दिसतो, बहुतेक साठीपुढच्या लोकांत, आणि बरेचदा चामखीळ किंवा पायाला होणारं कुरूप वाटतो म्हणून तसाच राहतो. घोड्याचा केस बांधून चामखीळ पाडायची पद्धत अजून आहे, पण जुनी चामखीळ अचानक वाढली, चिघळली, रक्त यायला लागलं तर केसबिस बांधू नका, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान होत नाही, कारण मायक्रोस्कोपखालीही तो त्वचेच्या दुसऱ्या कॅन्सरसारखा दिसू शकतो, मग घामाच्या नळ्या ओळखायला वेगळे स्टेन, म्हणजे खास रंग, लावतात.

‘पोरो’ ग्रीक पोरॉसवरून आलाय, म्हणजे वाट. घामाची नळी त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातून बाहेर पडते त्या भागातून हा सुरू होतो. १९६३ साली पिंकस आणि मेहरेगन यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा नाव वेगळं होतं, हे नाव १९६९ मध्ये मिशिमा आणि मोरिओका यांनी दिलं.

मी असं लिहीन: ‘घामाच्या ग्रंथीच्या नळीतून सुरू होणारा त्वचेचा कॅन्सर’, आणि रिपोर्टातलं मूळ नाव शेजारी जसंच्या तसं. कॅन्सरच्या गाठीसाठी वापरतात तो ‘दुर्दम’ शब्द बऱ्याच जणांना कळत नाही, आणि पोरोमाला, म्हणजे याच नळीच्या साध्या गाठीला, ‘सौम्य गाठ’ म्हटलं की लोकांना वाटतं माईल्ड कॅन्सर, त्यापेक्षा सरळ ‘कॅन्सर नसलेली गाठ’ म्हणा.

उपचार मुख्यतः ऑपरेशनचा, आजूबाजूची थोडी चांगली त्वचा घेऊन गाठ पूर्ण काढतात, केमोचा ठरलेला असा एक प्रोटोकॉल नाही कारण आजारच फार दुर्मिळ. आणि पत्रकात जांघेबद्दल नक्की लिहा, पायावरचा हा कॅन्सर पसरला तर तिथल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) सुजू शकतात, आणि पायाला जखम आहे म्हणून अवधाण आलं असेल असं समजून पेशंट डॉक्टरांना सांगतच नाही.