वाचकांचे प्रश्न : ताड आणि त्याचे सगेसोयरे

ताडगोळ्यांच्या हंगामात ताडाविषयीची बरीच पत्रे आमच्याकडे आली. त्यांतील पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत.

आमच्या कुंपणाला लागून ताडाची दोन झाडे आहेत. एकाला दर उन्हाळ्यात ताडगोळ्यांचे घड लागतात. दुसऱ्याला अंगठ्याएवढ्या जाड तपकिरी काड्या तेवढ्या येतात आणि सुकून गळतात. दुसरे झाड वेगळ्या जातीचे आहे का? ते काढून टाकावे असे घरातले म्हणतात.
— एक वाचक, पेडणे

आपली दोन्ही झाडे एकाच जातीची आहेत. पहिले मादी आहे आणि दुसरे नर. माडाच्या एकाच पोयीत नर आणि मादी अशी दोन्ही फुले असतात, त्यामुळे प्रत्येक माडाला नारळ धरतो. ताडाचे तसे नाही. त्याच्यात नर आणि मादी ही झाडेच वेगवेगळी असतात. आपण ज्यांना काड्या म्हणता ती नराची फुलोऱ्याची कणसे होत. गळून पडलेले एखादे कणीस हातात घेऊन भिंगाखाली पाहावे. त्यावर खवल्यांची दाट नक्षी दिसेल आणि प्रत्येक खवल्याच्या आड एका खळग्यात नरफुलांचा झुपका दडलेला आढळेल. ही फुले सगळी एकदम न उमलता थोडी थोडी बाहेर येतात. मादीचे फूल मात्र चांगले ठसठशीत असते आणि उमलले तरी पाहणाऱ्याला ते कोवळे फळच वाटते.

ही दोन झाडे वेगळी समजण्याचा घोटाळा आपल्याच घरात झालेला नाही. डच अधिकारी हेन्रिक व्हान रीड याच्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाचा पहिला खंड 1678 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातही नराचे व मादीचे चित्र वेगवेगळ्या नावांनी, ‘अंपन’ आणि ‘करिंपन’ म्हणून, स्वतंत्र दिलेले आहे. (कोचीच्या रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या कोंकणी वैद्यांची नागरी लिपीतील साक्ष याच खंडात छापलेली आहे, त्यामुळे गोव्याच्या वाचकाने तो खंड एकदा तरी चाळावा.) पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ही दोन्ही चित्रे एका नावाखाली आणली आणि ते नाव होते बोरॅसस फ्लॅबेलिफर. तेव्हापासून ताडाचे शास्त्रीय नाव तेच आहे.

रोपाला फुलोरा येईपर्यंत नर की मादी हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि फुलोरा यायला बारा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. एवढी वर्षे जगलेला नर ‘निरुपयोगी’ म्हणून तोडणे आम्हाला मुळीच पटत नाही. मादीला फळ धरते ते त्याच्याच परागामुळे, शिवाय ताडी नराच्या कणसांतूनही काढतात.

आमच्या वसाहतीच्या दारात निळसर पानांचे पंख्यासारखे झाड लावले आहे. माळी त्याला ‘परदेशी ताड’ म्हणतो. पान पंख्यासारखे असले की ते झाड ताडाच्याच कुळातले मानायचे का?
— एक वाचक, पर्वरी

वर्णनावरून ते बिस्मार्किया असावे. हे मादागास्करचे झाड असून त्याच्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) ही एकच जात आहे. ताडाशी त्याचे नाते खरोखरच जवळचे आहे, म्हणजे आपल्या माळ्याचे बोलणे फारसे चुकीचे नाही. मात्र त्या नात्याचा आधार पानाचा आकार हा नव्हे. बागांतून कुंड्यांमध्ये लावतात त्या लिव्हिस्टोनाचे पानही पंख्यासारखेच असते, तरी तिचा गट निराळा आहे. तिच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असतात आणि फळही लहान असते.

आकारापेक्षा पानाची घडी अधिक खरे सांगते. माडाच्या झावळीची एक पाती आडवी कापून तिच्या छेदाकडे पाहावे. ती कौलारू छपरासारखी, मधला कणा वर आणि दोन्ही बाजू खाली, अशी दुमडलेली असते. ताडाच्या पानाचा एक पट्टा तसाच कापला तर घडी नेमकी उलटी, पन्हळीसारखी वर उघडी दिसते. आता हीच कसोटी शिंदीला लावावी. शिंदीचे पान पिसासारखे, दिसायला माडाच्या बाजूचे. पण तिच्या पातीची घडी ताडासारखी पन्हळी आहे. ज्याची पाने माशाच्या शेपटीसारखी कातरलेली असतात तो भेरली माडही तसाच. त्यामुळे तालवृक्षांच्या कुलाच्या पाच उपकुलांपैकी कोरिफॉइडी या उपकुलात ताड, शिंदी, भेरली माड आणि लिव्हिस्टोना हे सगळे एकत्र येतात, तर माड आणि पोफळ अरेकॉइडी या दुसऱ्या उपकुलात जातात. नावात ‘माड’ असला तरी भेरली माड हा माडापेक्षा ताडाला जवळचा आहे, हे पुष्कळांना पटत नाही, पण पाती कापून पाहिली की पटते.

कोरिफॉइडीच्या आत ताडाचा स्वतःचा गट आठ प्रजातींचा आहे. या गटात नर-मादी झाडे वेगळी असतात, नरफुले खळग्यांत बसलेली असतात आणि बीभोवती कठीण कवच असते. बिस्मार्कियाचा समावेश याच गटात होतो. बोरॅसस या प्रजातीत आज पाच जाती मानतात. आपला ताड भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळतो. आफ्रिकेच्या माळरानांवर बोरॅसस एथियोपम आहे आणि त्याचे खोड मध्येच फुगलेले असते. तिसरी जात मादागास्करची, चौथी न्यू गिनीच्या जंगलातली, आणि पाचवी, बोरॅसस अकेआसी ही पश्चिम आफ्रिकेतली. या पाचव्या जातीला 2006 मध्ये, म्हणजे लिनियसनंतर अडीचशे वर्षांनी, नाव मिळाले. इतकी वर्षे ती एथियोपमच्याच नावाखाली खपत होती.

आमच्या देवघरात आजोबांच्या वेळचे दर्याई नारळाचे अर्धे कवच आहे. हा नारळ समुद्रात तयार होतो असे ते सांगत. त्यात तथ्य किती?
— एक वाचक, म्हापसा

तथ्य नाही, पण आजोबांची समजूत जुनी आणि प्रतिष्ठित आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला, आणि त्यात साध्या नारळाबरोबर ‘मालदीवच्या नारळा’चीही चर्चा आहे. मालदीवची बेटे पूर्वी सलग भूमी होती, ती बुडाली, आणि बुडालेल्या झाडांचे हे नारळ आहेत, अशी तेव्हाची समजूत त्याने नोंदवली आहे. विषावर उतारा म्हणून या गराला मोठी किंमत येत असे. झाड कोणी पाहिले नव्हते, फळे मात्र मालदीवच्या किनाऱ्याला लागत, तेव्हा दुसरे काय वाटणार?

झाडाचा ठावठिकाणा 1768 मध्ये लागला, तोही मालदीवपासून पुष्कळ दूर, सेशेल्समधील प्रालां बेटावर. तरीही शास्त्रीय नावात मालदीव अडकून राहिले ते राहिलेच : लोडॉइसिया मालदिविका. ताजे, रुजण्याजोगे फळ इतके जड असते की ते पाण्यात बुडते. प्रवाहाबरोबर वाहत येतात ती आतून कुजून पोकळ झालेली. त्यामुळे मालदीवच्या किनाऱ्याला शेकडो फळे लागली तरी एकही झाड उगवले नाही. वनस्पतिसृष्टीतील सर्वांत जड बी याचेच.

नावात नारळ असला तरी हे झाड ताडाचे भावंड आहे. आठ प्रजातींच्या गटाचे दोन उपगट पडतात आणि लोडॉइसिया ताडाच्याच उपगटात आहे. त्याचे पान पंख्यासारखे आणि नर-मादी झाडे वेगळी असतात, तर नराचे कणीस ताडाच्याच धाटणीचे पण कितीतरी मोठे असते. ताडफळात साधारणपणे तीन बाठे धरतात, म्हणूनच एका फळातून तीन ताडगोळे निघतात. दर्याई नारळात बहुधा एकच बी वाढते आणि त्याला दोन फुगीर बाजू येतात.

दीवला नोकरीत असताना फांद्या फुटलेले ताड पाहिले. ते पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणले असे तिथे सांगतात.
— एक वाचक, मडगाव

आपण पाहिलेले झाड ताडाचे नसून हायफेनी या प्रजातीचे आहे. तिथे त्याला होका म्हणतात, महाराष्ट्रात ते रावणताड म्हणून ओळखले जाते. हायफेनी आठांच्या गटातलीच, पण दुसऱ्या उपगटातली. खोडाच्या शेंड्यावरचा वाढीचा कोंब दुभागतो आणि दोन सारख्या फांद्या होतात, पुढे त्या पुन्हा दुभागतात. ताडाचे खोड सहसा शेवटपर्यंत एकच राहते.

आफ्रिकेत हायफेनीच्या अनेक जाती आहेत, त्यामुळे पोर्तुगिजांची कथा सहज रुजली असावी. मात्र दीव, गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची हायफेनी डायकोटोमा ही स्वतंत्र जात असून वनस्पतिशास्त्रज्ञ तिला इथलीच मानतात. मुंबईच्या परिसरातील वनस्पतींची यादी 1839 मध्ये छापली गेली तेव्हा तिला बोरॅसस डायकोटोमस असे नाव दिले होते. ती हायफेनीत गेली ती विसाव्या शतकात.

ताडाचे रोप कुंडीत तयार करून नंतर जमिनीत लावले तर चालेल का?
— एक वाचक, काणकोण

चालत नाही. ताडाचा बाठा रुजताना कोंब वर न येता एक जाड नळी जमिनीत खोल उतरते आणि रोप त्या नळीच्या टोकाशी, बाठ्यापासून बरेच खाली, तयार होते. कुंडीत ती तळाला टेकून वाकते आणि रोप उपटताना तुटते. तमिळनाडूत मुद्दाम हे कोंब खणून, उकडून खातात, यावरून ते किती खोल आणि मांसल असतात याची कल्पना यावी. पिकून गळलेल्या फळातले बाठे गर काढून थेट कायमच्या जागी, भुसभुशीत मातीत पुरावेत. पहिले पान दिसायला काही महिने लागतात, आणि तेही पंख्यासारखे नसून साधे, लांबट पात्यासारखे असते. गवत समजून ते उपटले जाऊ नये म्हणून जागेवर खूण ठेवावी.