मुदत, मदत आणि साडेसात वर्षं

नाशिकरोडहून एकांनी विचारलंय, विमा कंपनीतल्या लोकांना शिकवताना ‘ड्युरेशन’ला मुदत म्हणावं की कालावधी?

मुदत तर नकोच. मुदत भरली की रोखा (बाँड) संपला. ड्युरेशन म्हणजे त्या रोख्यातून येणाऱ्या सगळ्या पैशांच्या तारखांची तोलून काढलेली सरासरी; फ्रेडरिक मॅकॉले या अर्थतज्ज्ञाने १९३८ साली मांडली. १० वर्षं मुदतीचा, वर्षाला ७ टक्के देणारा रोखा दर्शनी किमतीला घ्या, ड्युरेशन भरतं साडेसात वर्षं. (साडेसातीच ती. व्याजदर एका टक्क्याने चढला की किंमत सुमारे सात टक्के उतरते.)

‘मुदत संपली, जोखीम संपली’ हे ऐकून तर कान किटलेत. गोदावरीचा पूर नाशकातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढला की भांडीबाजारातल्या दुकानांचे दावे येतात आणि त्यातले बहुतेक काही महिन्यांत मिटतात. पण पॉलिसीच्या मुदतीत विमा उतरवलेल्या गाडीने कुणाला उडवलं असेल तर खटला वर्षानुवर्षं चालतो. पॉलिसी रद्दीत गेलेली, देणं उभंच! म्हणून कंपनी देण्यांचं ड्युरेशन काढून त्याच्या जवळपासचे रोखे धरते. दर हलला तर दोन्ही पारडी मिळून हलावीत. त्यात महागाईची मेख: तिच्यापायी दर चढले तर दवाखान्याची बिलंही चढतात, आणि देण्याचं पारडं हवं तेवढं उतरत नाही.

ते असो. मुदत अरबी आहे, धातू म-द-द, म्हणजे ताणणं, लांबवणं. त्याच धातूचा ‘मदद’, म्हणजे आपली मदत. सख्खी भावंडं! माझा तर्क असा, की लढाईची फळी लांबवायला मागून धाडलेली कुमक ती मदत आणि सावकाराने ताणून दिलेले दिवस ती मुदत. तेव्हा मुदतवाढ म्हणजे ताणलेल्याला आणखी ताण. वाचनालयात भेटणारे एक निवृत्त गुरुजी मुदत ‘मुद्’वरून, म्हणजे आनंदावरून काढतात. हप्त्याची मुदत आल्यावर मुदित झालेला माणूस त्यांनी एकदा मला दाखवावा. अरबी-फारसीचा एवढा विटाळ असेल तर ‘हप्ता’ फारसी आहे, तोही भरू नये.

हो, ड्युरेशन राहिलंच. ‘तोलकाळ’ म्हणून बघा. नाही रुचला तर ड्युरेशनच म्हणा. कालावधी नको, तो पॉलिसीवर आधीच छापलेला असतो.