डोनरमधून काढलेलं लिव्हर बाहेर किती वेळ टिकतं?

नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे खास द्रावण भरून बर्फाच्या पेटीत, साधारण 12 तासांच्या आत बसवावं लागतं, जितका उशीर तितका धोका जास्त. पण आता मशीन आलीये, त्यात लिव्हर 37 डिग्रीला ठेवून रक्त फिरवतात, ऑक्सिजन देतात, आणि गंमत म्हणजे ते बाहेर असूनही पित्त बनवत राहतं, त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो की हे चालेल की नाही. 2018 ला युरोपातला 220 ट्रान्सप्लांटचा अभ्यास आला, त्यात बर्फाच्या तुलनेत मशीनवर ठेवलेल्या लिव्हरचं, एन्झाइम्स (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की बाहेर पडणारे घटक) बघून मोजलेलं नुकसान निम्म्याने कमी निघालं आणि वाया जाणारी लिव्हरंही निम्मी झाली. झुरिचमध्ये तर 2021 ला इतर सेंटरांनी नाकारलेलं लिव्हर 3 दिवस मशीनवर ठेवून, अँटिबायोटिक वगैरे देऊन एका कॅन्सर पेशंटला बसवलं, वर्षभरानंतरही पेशंट ठीक होता. एकाच माणसाची केस आहे पण, लगेच हुरळून जाऊ नका.

आपल्याकडे बहुतेक वेळा घरचंच कुणीतरी लिव्हरचा तुकडा देतं, दोन्ही ऑपरेशनं शेजारशेजारी होतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. ब्रेन डेड डोनरचं दुसऱ्या शहरातून आणायचं असेल तेव्हा मात्र घड्याळाशी शर्यत, पुण्या-मुंबईत ग्रीन कॉरिडॉर (अँब्युलन्ससाठी रस्ता मोकळा ठेवणं) करतात तो त्यासाठीच.